भुताच्या तोंडातले आकडे

मित्रांनो, माझ्यावर ओले कोट टाकणं थांबवा आणि जरा ऐका. मी रोममधल्या एका डबिंगच्या खोलीतला जुना लाकडी स्टँड आहे. माझ्या उतरत्या फळीवर संवादाचे कागद ठेवायचे आणि पडद्यावर ओठ हलले की नटांनी ते वाचायचे, यासाठी एका सुताराने मला घडवलं.

आमच्याकडे सिनेमा आधी मुका काढत, आवाज मागून घालत. परदेशी नट्या तर चित्रीकरणात नुसते आकडे म्हणायच्या. ओठ हलले म्हणजे झालं! त्या ओठांवर बसतील असे शब्द एर्सीलिया लिहायची. खाटकाची मुलगी, शाळा अर्ध्यावर सुटलेली. भुताखेतांच्या, खुनाच्या गोष्टींवर तिचा जीव. शिकलेले लोक त्यांना कचरा म्हणत आणि तोच कचरा बघायला गुपचूप मागच्या रांगेत बसत. ढोंगी लेकाचे!

एकदा एका भुताच्या सिनेमाची नटी भांडून मध्येच निघून गेली. शेवट काढायचाच राहिला. निर्माते पाल्मुच्ची डोकं धरून बसले.

एर्सीलिया म्हणाली, "साहेब, चित्र आहे तेच ठेवा, मी गोष्ट बदलते. पण लेखिका म्हणून पडद्यावर माझं नाव लागलं पाहिजे."

"लाव बाई, काय हवं ते लाव!"

जिन्यात उभं राहून भूत आकडे म्हणत होतं. त्या ओठांवर तिने शब्द बसवले, "दार उघड, बाळा. मी तुला न्यायला नाही, वाचवायला आलेय." भूत एका वाक्यात आई झालं. मूल दार उघडतं ते चित्र आधीचं होतंच. ते शेवटी जोडलं. भुताला आवाज देणाऱ्या आदाल्जीसाबाईंनी तालमीत ते वाक्य वाचलं, तेव्हा माझी कड धरून त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

पाल्मुच्ची खूश झाले आणि लगेच फिरले. "नाव मात्र इंग्रजी टाकू. सगळेच टाकतात. एर्सीलिया नावाला कोण घाबरणार?"

"आमच्या गल्लीत विचारून बघा!"

"पोरी, पुढचं काम हवंय ना?"

एर्सीलिया माझ्यावरचे कागद उगाच सारखे करू लागली. काम तर हवंच होतं.

तेव्हा आदाल्जीसाबाईंनी माझ्यावरचे कागद उचलले, खुर्चीवर ठेवले आणि त्यांच्यावरच बसल्या. "पाल्मुच्ची, पोरीचं नाव लागेल तेव्हाच माझं भूत तोंड उघडेल. तोवर तुम्ही म्हणा आकडे."

पाल्मुच्चींनी शिव्या घातल्या, दारापर्यंत गेले, परत आले. "लावा तिचं नाव! बुडालो तर भूत होऊन दोघींना छळीन."

नावांची पट्टी तपासायला आमच्या खोलीत लावली. एर्सीलिया पडद्याला नाक लावून उभी राहिली. आदाल्जीसाबाई ओरडल्या, "बाजूला हो गं, आम्हालाही वाचू दे!"

सिनेमा चालला. पुढचा तर पहिल्या पानापासून एर्सीलियाने लिहिला, आणि त्याचे कागदही माझ्यावरच आले.

मित्रांनो, आता मी कोठीत पडून आहे. मला पॉलिश नको, हार नको. फक्त सिनेमात नावं येऊ लागली की उठू नका, खाऊ शोधू नका. त्यातल्या एखाद्या नावासाठी कुणीतरी पोटावर पाय येईल हे माहीत असून भांडलेलं असतं. ती नावं वाचा. कोठीत मला ऐकू येईल, इतक्या मोठ्याने वाचा.