बटणावरचं कुंकू

ज्यांनी शैलजा कम्मारवर नोटीस काढली, ते खोटं बोलले. चुकून नाही, समजून-उमजून. सही करताना त्यांचा हात अडखळला नाही, तेव्हा इथं जीभ अडखळायचं कारण नाही.

नोटीस अशी होती: आयुधपूजेच्या सुट्टीत, सकाळी अकरा चाळीसला, शिक्षकांच्या बदल्यांच्या यादीतलं चौथ्या पानावरचं एक नाव पहिल्या पानावर गेलं. बदल शैलजाच्या कॉम्प्युटरवरून झाला. तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कंत्राट संपलं समजा. गदगच्या त्या शिक्षण कचेरीत नऊ वर्षं टाइप करून तिची बोटं वाकडी झाली होती.

तिचा पहिला संशय शिपाई दुरगप्पावर गेला. सुट्टीत किल्ली त्याच्याकडेच असते. गिरमिटचा, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांचा, पुडा सोडत बसलेल्या दुरगप्पाला तिनं गाठलं. तो चिडला नाही.

"अक्का, मला माऊस हलवता आला असता तर तुमच्या खुर्चीत मी नसतो का बसलो?"

कुलूप उघडलंच नव्हतं, असं तो आईची शपथ घेऊन सांगत राहिला. तिला ते पटलं नाही. मग तो सहज म्हणाला, "आणि बटणावरचं कुंकू? दसऱ्यानंतर कचेरी उघडली तेव्हा जसंच्या तसं होतं. ओला फडका घेऊन मीच पुसलं."

शैलजा जागच्या जागी थांबली. म्हणजे बटणाला कुणाचं बोटच लागलं नव्हतं.

पूजा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी झाली होती. तिचा बाप लोहार. भट्टी पेटती असतानाच तिची पूजा करायची, विझल्या भट्टीला कुंकू लावू नये, हे त्यानं शिकवलेलं. म्हणून तिनं कॉम्प्युटर चालू ठेवून त्याच्या बटणावर कुंकू लावलं, नारळ वाढवला, कीबोर्डवर झेंडूची माळ ठेवली. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून बंदही केला नाही. दहा मिनिटांनी स्क्रीन काळी झाली, कॉम्प्युटर आपोआप झोपला. तिचा लॉगिन तसाच उघडा राहिला. तिची चूक एवढीच.

झोपलेल्याला उठवलं कुणी?

तिनं दार लोटून घेतलं आणि कॉम्प्युटरची नोंदवही उघडली. यंत्र कधी झोपलं, कधी उठलं, कशानं उठलं, सगळं तिथं लिहिलेलं असतं. त्या दिवसाची ओळ सापडली. अकरा चाळीसला जाग. जागं करणारं: नेटवर्क. बटण नाही, कीबोर्ड नाही. भिंतीतून येणाऱ्या निळ्या वायरीतून हाक आली होती. बारा दहाला परत झोप.

तिनं वीजबचतीच्या सेटिंग उघडल्या. 'नेटवर्कवरून जागं होऊ द्या' या चौकटीत खूण होती. ती खूण तिची नव्हती. तेव्हा तिला श्रावण महिना आठवला. वरच्या कचेरीतून एक इंजिनीअर आला होता. कचेरीचे साहेब त्याच्या मागं उभे होते. दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून एक प्रोग्रॅम टाकतो, म्हणाला. तिनं विचारलं होतं, दुरून म्हणजे कुठून? साहेब हसले होते. "तू टाइप कर गं, तेवढंच पुष्कळ आहे."

तिनं त्या ओळीची आणि चौकटीची छपाई काढली. दुरगप्पानं कागद पाहिले, त्याचा चेहरा उतरला. हे देऊ नका, वरच्यांशी कोण भांडतं, नोकरी तर जाईलच, मागून बोलणीही खाल, असं तो परत परत सांगत राहिला. शैलजाला पुन्हा त्याचाच संशय आला. मग स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला नाही. हे तांत्रिक आहे, वर पाठवू, म्हणाले, आणि पंख्याकडं बघू लागले.

शैलजा हलली नाही.

"पाठवा. नोकरीही घ्या हवं तर. पण श्रावणात ती खूण तुमच्यासमोर केली गेली. आधी एवढं सांगा साहेब, वायरीच्या त्या टोकाला कोण बसलं होतं?"