शून्य पॉइंट तीन

रुपेशला माझ्यापासून काय मिळणार होतं, ते आधी सांगते. अल्लीपूरच्या कबड्डीचे सामने तो मोबाईलवर थेट दाखवायचा. पडद्यावर गुणांची चमकदार पट्टी आली की पुढच्या वर्षीचं काम पक्कं आणि गावात रुबाब वेगळा. बदल्यात द्यायचं काय? काहीच नाही. मी फुकट आहे.

मित्रांनो, मी एक अर्धीकच्ची लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे. संगणकाच्या पडद्यावर कडेच्या पट्ट्या आणि सगळ्यांच्या वर तरंगणारे फलक ज्यातून बनवतात, तो तयार कोड म्हणजे मी. नालवाडीच्या अपेक्षानं मला एकेका रविवारी लिहिलं आणि कुणीही घ्यावं, सुधारावं म्हणून उघडं ठेवलं. माझ्या आवृत्तीचा क्रमांक शून्य पॉइंट तीन. ते पुढचं शून्य म्हणजे मी अजून शिजते आहे. पहिल्याच पानावर तिनं मराठीत बजावलं होतं : ‘फलक आरपार दिसला तरी माऊसचं क्लिक अडवतो. बटणांवर पसरू नका.’

अंतिम सामन्यात माझी पट्टी झकास चालली. “कुठून आणलं रे?” लोकांनी विचारलं.

“आपलंच हाय,” रुपेश म्हणाला.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा विश्रांती झाली. रुपेशनं कॅमेरा चहाच्या टपरीवर नेला आणि जिंकल्यावर फुलं उधळायला माझा आरपार दिसणारा फलक आधीच अख्ख्या पडद्यावर पसरवला. कॅमेरा बदलायचं बटण त्या फलकाखाली गेलं. त्यानं क्लिकवर क्लिक केली. सगळी मी गिळली, खोटं कशाला बोलू? मैदानात चंदननं शेवटची चढाई मारून अल्लीपूरला एका गुणानं जिंकवलं. घरोघरी दिसली ती टपरी.

दुसऱ्या दिवशी रुपेशचा फोन. “अपेक्षा, तुयी लायब्ररी तं बोगस निघाली.”

“पहिलं पान वाचलं होतं का?”

“मराठीत होतं. मले वाटलं, आभार मानले असन.”

लायब्ररी बोगस, हे त्यानं इंटरनेटवर चारचौघांत लिहिलंही. पान वाचलं नव्हतं, एवढं सोडून. अपेक्षाचे वडील नत्थूजी म्हणाले, “पुसून टाक पोरी. फुकटात राबा अन् शिव्याही खा, काऊन?” अपेक्षानं मला पुसायची खिडकी उघडली. एक होकार, की मी संपले.

तेवढ्यात चंदनची बहीण नंदिनी दारात. गुण भरायला रुपेशच्या शेजारी तीच बसली होती.

“ताई, माही आई पायाले प्लास्टर घालून घरी बसली हाय. म्हणते, टपरीवाल्यानं सात चहा गाळले, म्या मोजले. माहा पोरगा काही दिसला नाई.”

“म्हणूनच पुसते आहे.”

“पुसून दिसन का तो? मले शिकवा, कुठं दुरुस्त करा लागते.”

तीन रविवार गेले. अकरा ओळी बदलल्या. आता क्लिक माझ्या आरपार जातं, आणि त्या ओळींपुढे नंदिनीचं नाव आहे.

मित्रांनो, मी आता शून्य पॉइंट चार आहे. शून्य अजून आहेच, आणि ते मी मिरवते. अर्धवट म्हणून हिणवायचं असेल तर आधी पहिलं पान वाचा. बिघडले तर काय बिघडलं ते नीट सांगा. शिवीनं एकही ओळ सुधारत नाही.

राहिला हिशोब. पट्टी रुपेशला मिळाली, पुढच्या वर्षीचं कामही. रविवार गेले दोन मुलींचे. आणि सगळ्यात जास्त मोजलं देवकाबाईनं, चंदनच्या आईनं. पोराची चढाई एकदाच होती. तिच्या वाट्याला सात चहा आले, तेही पाहायला.