फॉन्टचं नाव

ती अक्षरं काढायची आणि नवरा ती विकायचा. ऑफिस घरातल्याच पुढच्या खोलीत होतं: खिडकीपाशी तिचं टेबल, दाराजवळ त्याचा फोन.

अत्तराच्या एका कंपनीला खोक्यांसाठी नवा फॉन्ट हवा होता. "लांबून नजरेत भरला पाहिजे, पण भडक नको," असा निरोप नवऱ्याने आणला. तिने त्या कामात जीव ओतला. अक्षरं चांगली जाडजूड, तरी उजवीकडे अशी झुकलेली, की चालता चालता कुणी मान वळवून बघावं. जाड रेघ वळणावर केसाएवढी बारीक व्हायची. रेघांच्या टोकांना नाजूक सेरिफ, म्हणजे इवलीशी पावलं, मोठ्या अक्षरांना लांब, गोल शेपट्या. एकाची शेपटी शेजारणीच्या अंगावर जाऊ नये म्हणून तिने एकेक जोडी पुन्हा पुन्हा जुळवली. सासूबाई म्हणायच्या, "अगं, एवढं नटवतेस, सासरी पाठवायचीयत का?"

फॉन्ट पुरा झाला, नाव ठेवायची वेळ आली. नवऱ्याने एका बाईचं नाव सुचवलं.

"यात तुझी सगळी देखणी अक्षरं येतात बघ."

तिने लिहून पाहिलं. खरंच येत होती. इतक्या वर्षांत यानं आपलं काम पहिल्यांदाच नीट पाहिलं, असं तिला वाटलं आणि ती सुखावली.

फॉन्ट धडाक्यात चालला. खोक्यांवरून तो केकच्या दुकानावर चढला, नाटकांच्या पोस्टरवर गेला, साबणाच्या वेष्टनावरही. कंपनीने छोटा समारंभ ठेवला. तिथे खोक्यांची खरेदी बघणारी बाई आपणहून तिच्याशी बोलायला आली आणि तिने स्वतःचं नाव सांगितलं. तेच नाव. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं, तसा बाईचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," बाई म्हणाली.

घरी आल्यावर तिने सरळ विचारलं, "कधीपासून?"

नवऱ्याने दोन्ही बूट काढले, मग म्हणाला, "फॉन्टच्या आधीपासून."

"आणि तिचं नाव माझ्या गळ्यात मारलंस."

"नाव कुणाचं का असेना. अक्षरं तर तुझीच आहेत ना?"

तो हे समजूत घालायला बोलला होता, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं.

तो घर सोडून गेला. घटस्फोट झाला. तिने फॉन्टचं नाव बदलायला सांगितलं, तर कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आता बाजारात रुळलंय ते. लोक नावानंच मागतात." नवीन गिऱ्हाइकं फोनवर तेच नाव घ्यायची आणि विचारायची, हा तुमचाच ना? पोट त्यावरच चालत होतं. ती म्हणायची, हो, माझाच.

मग एका दुपारी नणंद आली. बसायच्या आधीच तिने टेबलावर पाकीट ठेवलं.

"बाहेरून कानावर येण्यापेक्षा म्हटलं मीच सांगावं, वहिनी. दादा लग्न करतोय."

आतलं कार्ड त्याच फॉन्टमध्ये छापलेलं होतं.

"तुम्ही काही येणार नाही," नणंद म्हणाली.

"नाही."

नणंद गेल्यावर तिने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. छापणाऱ्याने जागा भरायला नवऱ्याचं नाव आडवं ताणलं होतं, त्यामुळे बारीक रेघा सुजल्या होत्या आणि सगळा झोक गेला होता. खालचं त्या बाईचं नाव मात्र मापात बसलं होतं. शेपटी जिथे वळायची तिथेच वळली होती, पुढच्या अक्षराला न शिवता. बराच वेळ बघूनही तिला त्यात चूक सापडेना.