नऊ नंबरचं छत

केशवरावांना ती बाई पहिल्या मिनिटापासून खटकली. हॉटेल विकत घेणाऱ्या लखनौच्या पार्टीने पाठवलेली इंजिनीअर, अंबिका सक्सेना. झाशी स्टेशनाजवळच्या त्यांच्या हॉटेलात ती सकाळपासून टेप घेऊन फिरत होती. तिने होकार दिला की सौदा पक्का आणि केशवराव शहरातल्याच नगरा भागातल्या घरी निवांत बसायला मोकळे.

"अंकलजी, सामने का बरामदा कहाँ गया?" भिंतीवरचा जुना फोटो बघून तिने विचारलं.

कुठं जाणार! चौपन्न साली वडिलांनी चुन्यात बांधलेला ऐसपैस व्हरांडा. चौऱ्याहत्तरमध्ये सिमेंटची टूम निघाली तेव्हा केशवरावांनी हौसेनं मजला चढवला. पुढे निळ्या काचांचं खूळ आलं, तेव्हा व्हरांडाच पाडला. आता ही पार्टी म्हणे काचा काढून महालासारख्या कमानी लावणार. इतक्या गोडीनं विचारतेय म्हणजे हिला भावच पाडायचाय, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"नौ नंबर की चाबी दीजिए।"

काउंटरवर पत्नी कुसुमावती होत्या. गिऱ्हाइकादेखत गुपित बोलायचं ते मराठीत, ही झाशीतल्या मराठी घरांची जुनी सवय. केशवराव बिनदिक्कत म्हणाले, "अगं, किल्ली हरवली म्हणून सांग. तुला बोललो नव्हतो, पण वरच्या स्लॅबच्या सळ्या पार गंजल्यात. मोठा ढपला पडला, म्हणून तर खाली पीओपीचं छत मारून घेतलं आणि खोली बंद ठेवली. हिला सुगावा लागला तर सौदा बोंबलला."

कुसुमावतींचा चेहरा उतरला. "अहो, पण..."

"गप्प बस. संशयी दिसतेय बया."

"काकू," अंबिका म्हणाली. मराठी स्वच्छ, झाशीतल्या लक्ष्मी गेटजवळच्या मराठी घरांतली. "माहेर इथलंच माझं. ते राहू द्या. नऊची किल्ली खिळ्यावर नाहीये. आत कोण आहे?"

"एरच गावचं जोडपं," कुसुमावती कशाबशा बोलल्या. "बाळाला डॉक्टरकडे दाखवायला आलेत. बाकी सगळं भरलेलं, म्हणून मीच सकाळी उघडून दिली."

अंबिका जिन्याकडे धावली. केशवरावांना शरमेनं मान वर करवेना. कुसुमावती तिच्या मागोमाग निघाल्या, पण पहिल्या पायरीवर थांबून वळल्या.

"लोकांचं सोडा. माझ्यावरही भरवसा नव्हता तुमचा?"