डबीचा आवाज कोणी बंद केला?

मी एक जुना सेन्सर आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. सध्या स्टीलच्या वाटीत पडून आहे. माझ्या नावाने बरेच खडे फोडून झाले, म्हणून मित्रांनो, आता माझी बाजू ऐका.

शिवणकाम करणाऱ्या एका काकूंची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा मशीनवर त्यांचं रक्त धुवून निघायचं. त्यासाठी गळ्याखाली एक नळी कायमची बसवलेली. अशी नळी म्हणजे जंतूंना उघडं दारच. म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिच्या शेजारी, कातडीखाली मला बसवलं. काम एकच: नळीभोवती ऊब आणि आंबटपणा वाढला की सांगायचं. ताप चढायच्या आधीच मला कळतं. काकूंच्या पिशवीत माझ्याशी जोडलेली एक डबी असते; मी सांगितलं की ती इशारा नोंदवते आणि वाजते.

पहिल्याच वर्षी मी वेळेवर बोललो आणि चार इंजेक्शनांवर भागलं. तेव्हा काय माझं कौतुक! काकूंच्या मोठ्या जाऊबाई कुणाला बरं म्हणतील तर शपथ, पण त्यासुद्धा म्हणाल्या, "घरातल्या दहा माणसांपेक्षा हा दाणा शहाणा."

मात्र मशीन चालू असताना ऊन होऊन परतणाऱ्या रक्ताने मी फसायचो आणि डबी उगाच वाजायची. खोटं कशाला बोलू, तो माझाच दोष. मशीन लावणाऱ्या दादांनी सोपी वाट काढली. नळी जोडली की डबीचा आवाज बंद, नळी सोडवली की चालू. एके दिवशी त्यांची पाळी मध्येच संपली. आवाज बंद केलाय, हे दुसऱ्या पाळीच्या ताईंना सांगायचं राहिलं. काकू तशाच घरी गेल्या.

त्याच संध्याकाळी जंतू शिरले. दोन दिवस मी कंठशोष केला, डबी पिशवीत गप्प. पुढच्या खेपेला काकू मशीनवर कुडकुडू लागल्या, तर दादा म्हणाले, इथे सगळ्यांनाच थंडी वाजते. वर आणखी एक चादर घातली. थंडी म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तासाभरात काकूंची शुद्ध हरपली. धावाधाव झाली. नळी काढली, मलाही काढलं आणि कागदावर लिहिलं, सेन्सर बिघडला.

जाऊबाई एकेक अक्षर लावून वाचणाऱ्या. त्यांनी तेवढं वाचलं आणि पिशवीतली डबी काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. आधी हिच्या पोटात काय आहे ते बघा, म्हणाल्या. डबीत एक्केचाळीस इशारे निघाले.

दादा खाली बघत म्हणाले, "आवाज मी बंद केला होता."

"चादर घालायला हात गेला," जाऊबाई म्हणाल्या, "तो पिशवीत का नाही गेला?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावरची ओळ स्वतः खोडली. डबी वाजवून दाखवल्याशिवाय पाळी सोडायची नाही, असं ठरलं.

काकू अकराव्या दिवशी उठून बसल्या. वाचल्या, पण अजून सुईत दोरा ओवताना त्यांचा हात थरथरतो. त्या थरथरीची नोंद कुठल्या कागदावर होणार?

मित्रांनो, मला पुसू नका, कपाटात मिरवू नका. तुमच्या घरी कुणाजवळ अशी डबी असेल, तर ती रोज हातात घेऊन बघा. बोलणाऱ्याचं तोंड बांधायचं आणि वर त्यालाच मुका म्हणायचं, हा कुठला न्याय?