काजळी मूळची

"हा शेवटचा," असं मी स्वतःला बजावलं, तेव्हा मोरीच्या बाहेर आणखी सतरा दिवे रांगेत बसून होते.

सकाळपासून दिवेच घासत होते मी. सायकलचे दिवे. रॉकेलचे, कार्बाइडचे, डायनामोचे, पितळी, पत्र्याचे, सगळे मिळून एकाहत्तर. दोन घासण्या संपल्या, भांड्यांची पावडर संपली, शेजारणीकडून डझनभर लिंबं उसनी आणली. बोटांची सालं निघाली होती. पण एकेक दिवा असा काही उजळून निघत होता की हात थांबवावासा वाटेना.

हा सगळा पसारा आमच्या ह्यांचा. हे पाणीखात्यात मीटर वाचायचे, एकतीस वर्षं. पाण्याचा मीटर कुणी दिवाणखान्यात लावत नाही. तो असतो जिन्याखाली नाहीतर मागच्या बोळात, अडगळीला टेकून. तिथेच एखादी मोडकी सायकल पडलेली असायची आणि तिच्यावर दिवा. हे आकडा टिपून घ्यायचे आणि विचारायचे, "हा टाकणार असाल तर मला द्याल का?" लोक देऊन टाकायचे. कुणी हसून, कुणी ब्याद गेली म्हणून. सगळ्या वस्तीत ह्यांना 'मीटरकाका' म्हणत. बरोबरीचे लोक बढत्या घेत होते आणि आमचे हे दिवे घेत होते. "एवढ्या वर्षांत काय दिवे लावलेत?" असं मी विचारलं की म्हणायचे, "लावले नाहीत गं, जमवलेत."

मी मात्र कधी त्या दिव्यांना हात लावला नव्हता. भंगाराला मी शिवणार नाही, असं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं आणि हट्टानं पाळलंही होतं.

आता घर सोडायची वेळ आली होती. पंधरा दिवसांनी आम्ही मुलीकडे जाणार होतो, चौथ्या मजल्यावर, एका खोलीत. मुलीनं स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही या, आई येऊ दे. दिवे नकोत." तिचंही काही चूक नव्हतं. मग ह्यांनी संग्रहालयाला पत्र लिहिलं, फोटो पाठवले. तिथल्या मॅडमनी कळवलं की नीट मांडून दाखवा, पसंत पडले तर एक कपाट कायमचं देऊ. नाहीतर भंगारवाला होताच. त्यानं दोनदा फोन करून चौकशीही केली होती.

म्हणून वाचनालयाच्या सभागृहात तीन दिवसांचं प्रदर्शन ठरलं. वाचनालयाचे कार्यवाह म्हणाले, "नुसते दिवे बघायला कोण फिरकणार? काहीतरी विषय ठेवा." ह्यांनी चार दिवस डोकं खाजवलं आणि नाव काढलं, 'अंधारातून घरी येणाऱ्यांचे दिवे'. मग आपल्या जुन्या फेरीप्रमाणे, गल्लीगल्लीनं दिव्यांचा क्रम लावला आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याचं कार्ड केलं. 'छापखान्यातला जुळारी. पहाटे घरी यायचा.' 'सुईण. पुलापलीकडे जायची.' आणि प्रत्येक कार्डावर शेवटची ओळ लाल शाईत: 'काजळी मूळची.' नाहीतर 'गंज मूळचा.'

ती लाल ओळ मी वाचली होती. मला वाटलं, बिचाऱ्यांना साफ करायला सवड झाली नाही, म्हणून आधीच कबुली देऊन ठेवली आहे.

त्या दिवशी हे सकाळीच जाहिरातीसाठी बाहेर पडले होते. भाचीनं फोनवर सगळ्यांना निरोप धाडले होते, पण ह्यांचा विश्वास कागदावर. सदुसष्टाव्या वर्षी, गुडघे धरत, काखेत खळीचा डबा घेऊन केशकर्तनालयाच्या काचेवर, शाळेच्या फाटकावर, दवाखान्याच्या जिन्यात पत्रकं चिकटवायची होती. वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन दोन ओळी छापा म्हणून हातापाया पडायचं होतं. मी म्हटलं, उद्या पाहुणे येणार आणि दिवे असे कळकट. आपण एवढं तरी करू.

हे घरी आले तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. उंबऱ्यातच थांबले. एकाहत्तर दिवे चटईवर वाळत घातले होते.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"आतून पण?"

"आतून तर चमच्यानं खरवडले. काय ती राख! आणि दोन-तीन दिव्यांना कसले तरी कागद डकवलेले होते, तेही काढले."

हे खुर्चीवर बसले. तांब्याभर पाणी प्यायले, एका दमात. मग म्हणाले, "हात दाखव." मी दाखवले. "हातमोजे तरी घालायचेस," एवढंच बोलले. मला वाटलं, खूश झालेत पण दमलेत. जेवण झाल्यावर कात्री मागून घेतली आणि कार्डं कापत बसले.

"आता काय कापताय?"

"ओळी जास्त झाल्यात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सभागृहात मॅडम आल्या. चाळिशीच्या असतील. पर्समधून पांढरे हातमोजे काढले, ते हातात घालता घालता पहिल्या टेबलापाशी आल्या आणि थांबल्या. हातमोजे परत पर्समध्ये गेले. मी पडद्यामागे पेले विसळत होते. पडदा म्हणजे जुनी चादर, तिच्यातून सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही पाठवलेल्या फोटोतले दिवे हेच?"

"हेच."

"काका, आता ह्यांचं वय मी कशावरून दाखवू? काजळीवरून कळायचं की तेल कुठलं होतं, दिवा किती वर्षं जळला. कंपनीच्या चिठ्ठ्या होत्या, त्याही गेल्या. आता हे बाजारातून कालच आणलेत असं वाटतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "कुणी केलं हे?"

"मी केलं," हे म्हणाले.

"तुम्ही? एवढी वर्षं जमवून तुम्हाला एवढं कळू नये?"

"पाहुणे येणार म्हणून घासले. चूक झाली."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं प्रदर्शन फिरून बघितलं, कार्डं वाचली, मांडणी छान आहे म्हणाल्या. कपाटाचं मात्र जमणार नाही म्हणाल्या. मी हातात पेला धरून तशीच उभी होते. बाहेर जावं, सांगावं की हे माझे उद्योग आहेत, असं शंभरदा मनात आलं. पाय उचलला नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटत होती.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही केलं असं का सांगितलंत?"

"मग काय, बायकोवर ढकलू? चारचौघांत?"

"ढकलायचं काय त्यात? मीच केलं होतं."

"तुला कुठं माहीत होतं? मी कधी सांगितलंच नाही. तुला ऐकायचं असेल असं मला वाटलंच नव्हतं इतकी वर्षं."

"काल राग नाही आला?"

"आला ना. पाणी पितच होतो, तेव्हा अगदी जिभेवर आला होता. मग तुझी बोटं दिसली."

मी पदरात तोंड खुपसून रडले. हे शेजारी बसून राहिले. गप्प बसवायला गेले नाहीत, ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी जेमतेम तीस माणसं आली. ह्यांच्या ओळखीचा एक दाढीवाला संग्राहक आला, कॅमेरे जमवणारा. एका दिव्यात आपली दाढी न्याहाळत म्हणाला, "मीटरकाका, तुम्ही पण हळदीकुंकवाची भांडी काढल्यासारखे दिवे काढलेत की हो!" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. हेही हसले. ह्या एका बाबतीत तरी लोक ह्यांना विचारायला यायचे, जाणकार म्हणायचे. तेवढाही मान माझ्या घासणीखाली गेला, हे मला बसल्या जागी कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक आजी आल्या, नातसुनेचा हात धरून. केशकर्तनालयाच्या काचेवरचं पत्रक नातवानं वाचून दाखवलं होतं म्हणे. एकेका दिव्यापाशी वाकून बघत बघत बारा नंबरला आल्या आणि तिथून हलेचनात.

"हा आमच्या घरातला," त्या म्हणाल्या.

"हो आजी. तुमच्या जिन्याखालचा. तुम्हीच दिला होता," हे म्हणाले.

"तेव्हा तो कोळशासारखा काळा होता. मी बघितलासुद्धा नाही नीट, घेऊन जा म्हटलं." आजींनी दिवा उचलला. कुणी हात लावू नये अशी पाटी होती, पण ह्यांनी अडवलं नाही. "लग्न झालं त्या वर्षी आमच्या ह्यांनी घेतला होता. अस्साच होता बघ, अस्सा. मी त्यात बघून टिकली लावली होती, ते चिडवायचे." नातसून जरा अवघडली. आजींनी दिवा खाली ठेवला नाही. "कुणी केला हो इतका लख्ख?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं."

आजींनी माझा हात हातात घेतला, सालं निघालेला.

"घेऊन जा आजी," हे म्हणाले. "तुमचाच आहे."

संध्याकाळी प्रदर्शन आवरताना ह्यांनी आपली जुनी फेरीची वही काढली आणि कार्डं पुढ्यात घेऊन खुणा करायला लागले. मी समजले. भंगारवाल्याला फोन मीच केला, येऊ नका म्हणून.

मग तो आठवडाभर रोज सकाळी आम्ही दोघं बाहेर पडायचो. दोन पिशव्या ह्यांच्या हातात, एक माझ्या. ह्यांना अजून प्रत्येक घराचा मीटर कुठे आहे ते पाठ होतं, माणसं मात्र बदलली होती. काहींनी दिवा ओळखला, चहा पाजला. काहींना तो कुणाचा हेच ठाऊक नव्हतं, पण मीटरकाकांना नाही कसं म्हणायचं, म्हणून ठेवून घेतला. एका घरातल्या तरुण बाईनं दार अर्धंच उघडलं आणि नको म्हणाली. हे "बरं" म्हणाले आणि पुढे चालायला लागले. तो दिवा परत पिशवीत ठेवताना माझाच जीव तुटला.

शेवटच्या दिवशी सुईणीचा दिवा राहिला होता. तिचं घर बंद होतं. दाराला कुलूप, कुलपाला गंज. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, ती जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा कधीतरी येतो. जिन्याखालची जागा मात्र उघडीच होती. हे गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. सवयीनं अंगठ्यानं मीटरची काच पुसली. मग दिवा भिंतीला टेकवून ठेवला, तोंड बाहेरच्या बाजूला करून.

मला राहवेना. "पुन्हा काळा पडेल हो इथं."

"पडू दे," हे म्हणाले, आणि उठायला माझा हात मागितला.