बारा दशम्या

सुहासिनीबाईंनी पन्नास वर्षे पंगती वाढल्या होत्या. कोणाच्या पानात काय पडावे, हे दुसऱ्याने सांगितलेले त्यांना खपत नसे. अमेरिकेत स्टेट कॉलेज या गावी भाचीकडे आल्या, तेव्हा हा दराराही सामानाबरोबर आलाच.

भाची गिरिजा मध्ययुगीन इंग्रजी धर्मनाट्यांवर पीएच.डी. करत होती. त्या काळी एका शहरात येशूच्या अखेरच्या भोजनाचा खेळ पाव भाजणारेच करत, चाकांच्या गाडीवर. तोच खेळ ती विद्यापीठाच्या हिरवळीवर बसवत होती, आणि गाडीवर खरे अन्न खाल्ले जावे असा तिचा हट्ट होता.

"मावशी, खमीर न घातलेली भाकरी हवी. येशू आणि बारा शिष्य, म्हणजे तेरा."

देवाच्या ताटातले म्हणून बाईंनी न्हाऊन, दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या.

खेळाच्या तोंडावर गिरिजा धावत आली. "मावशी, बाराच आहेत!"

"बाराच केल्या. त्या फितुराला माझ्या हातचं मिळायचं नाही."

"अगं, येशू ज्यूडासला स्वतःच्या हाताने घास देतो! तोच तर मेन सीन आहे!"

ज्यूडास झालेला नागपूरचा शैलेंद्र दाढी चिकटवत कुरकुरला, "काय यार मावशी! सकाळी तर आग्रह करकरून पोहे वाढलेत."

"पोहे शैलेंद्रला वाढले होते."

तेवढ्यात तुतारी वाजली. गाडीवर तेरा जण बसले. बारा पानांत दशमी, ज्यूडासचे पान रिकामे. शैलेंद्र मान खाली घालून बसला. गिरिजाने डोळे मिटले; तीन वर्षांची मेहनत त्या रिकाम्या पानात बुडणार होती.

येशू झालेल्या उंच पोराने ते पान पाहिले. मग त्याने स्वतःची दशमी उचलली, मोडलीसुद्धा नाही, आणि अख्खी ज्यूडासच्या पानात ठेवली. तिचाच एक तुकडा तोडून, वाटीतल्या रश्श्यात बुडवून त्याच्या तोंडाशी नेला. आता रिकामे पान यजमानाचे होते.

शैलेंद्र तो घास चावतच राहिला.

हा उद्या आपला घात करणार, हे पक्के ठाऊक असून आपल्या पानातले त्याला वाढणारा हात सुहासिनीबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी उभ्याउभ्याच चपला काढल्या आणि गारठलेल्या गवतावर अनवाणी उभ्या राहून हात जोडले.

"मावशी, पाय गारठतील," गिरिजा कुजबुजली.

"गप्प राहा. पंगत बसली आहे."